झाकणाखालची पट्टी

संपादकांनी पत्रात 'वाद्यांच्या सान्निध्यातील चार दशके' असा विषय सुचवला आहे. सान्निध्य खरं आहे. पण त्या चार दशकांतला बराच काळ मी सरस वाळायची वाट पाहण्यात घालवला, आणि त्यावर लेख होत नाही. मोठमोठ्या गवयांचे तानपुरे माझ्या हातून गेले, हेही खरं. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच की तानपुरा दुरुस्तीला द्यायला ते स्वतः येत आणि न्यायला शिष्याला पाठवत. म्हणून मी एका बास गिटारबद्दल लिहितो. त्यात माझी एक चूक आहे. माणूस स्वतःच्या चुकीबद्दल लिहू लागला की बाकीचंही खरं असावं असं वाचकांना वाटतं, हा एक फायदा.

आमचं दुकान कसबा पेठेत, तांबट आळीला लागून होतं. वडिलांच्या काळापासून तानपुरे, सतारी आणि पेट्या. दुकानाला एक पायरी होती आणि चपला त्या पायरीखाली काढायच्या, हा नियम. वाद्याला पाय लागता कामा नये. एकदा एका नामवंत वकिलांनी आडव्या ठेवलेल्या तानपुऱ्यावरून पाय टाकला, तेव्हा वडिलांनी तो तानपुरा दुरुस्त न करता त्यांच्या हातात परत दिला आणि त्यांना पायरी दाखवली. तानपुरा वकिलांचाच होता, ही बाब वडिलांना महत्त्वाची वाटली नाही. मी स्वतः देवधर्म फारसा करत नाही. वाचनालयातली पुस्तकं वाचून जेवढं बिघडायचं तेवढं मी विशीतच बिघडलो होतो. पण चपला पायरीखालीच राहिल्या.

दुसरी गोष्ट तांबटांची. सकाळी नऊपासून शेजारी हातोड्या सुरू होत. तांब्याच्या बंबावर आठ-दहा माणसं एकदम ठोके घालू लागली की पेटीचा सूर जुळवणं सोडा, गिऱ्हाईक काय बोलतंय हेही कळत नसे. हे कधीकधी सोयीचं होतं. एक वाजता तांबट जेवायला उठत ते अडीचपर्यंत. पुण्यातली दुकानं दुपारी बंद असतात यावर बाहेरच्यांनी पुष्कळ विनोद करून झाले आहेत. माझंही दार त्या वेळी लावलेलं असे. आत मी कानाचं काम करत असे. दिवसभर लाकूड, सरस, कानस. आणि एक ते अडीच ऐकणं. ही घडी वडिलांनी बसवली होती आणि तीस वर्षं मी ती मोडली नाही. एकदाच मोडली, तीच ही हकिगत.

उदारीकरण आमच्या दुकानात दोन खेपांनी आलं. आधी ऑर्केस्ट्रावाल्यांनी जपानी कीबोर्ड घेतले आणि त्यांच्या पेट्या दुरुस्तीला येईनाशा झाल्या. मग हिंजवडीला कंपन्या आल्या आणि तिथली मुलं कंपनीच्या बसने गावात उतरून गिटारी घेऊन येऊ लागली. पहिल्या खेपेने नेलं ते दुसरीने परत आणून दिलं, म्हणून मी आर्थिक धोरणावर कधी मत दिलं नाही. गिटारची मला भीती वाटली नाही. तारा टेकवणारी घोडी आहे, मानेवर पडदे आहेत, तारा आहेत. सतार ज्याला कळते त्याला गिटार म्हणजे सुट्टी.

असाच एका शनिवारी प्रफुल्ल आला. मूळचा अमरावतीकडचा. हिंजवडीत संगणकावर काम करायचा. काय काम ते त्याने मला दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा मान हलवली.

"काका, शॉर्ट स्केल बास मिळते का जी पुण्यात? जुनी असली तरी चालते."

वाचकांसाठी सांगतो. बास म्हणजे चार जाड तारांची, खालच्या स्वरांची गिटार. ती नसली तर गाणं पातळ लागतं. असली तर तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नेहमीच्या बासची तार घोडीपासून मानेच्या टोकापर्यंत चौतीस इंच असते. पूर्वी परदेशात तीस इंचांचे आखूड बासही बनत. चार इंचांनी काय होतं, असं मला वाटलं आणि मी तसं विचारलं.

प्रफुल्लने डावा हात पुढे केला. करंगळी अर्धी होती. लहानपणी शेतावर कडबा कापायच्या यंत्रात गेली होती.

"मोठ्या बासवर चौथा पडदा म्हणजे तालुक्याचं गाव होऊन राहिलं, काका. दिसते, पण जायला एसटी नाही. ऑफिसच्या बँडमध्ये तीन महिने ओढलं. मनगट सुजलं. डॉक्टर म्हणते, सोडून द्या."

"मग सोडायचं."

"काऊन? दिवसभर मी दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधतो. संध्याकाळी तरी स्वतःच्या करू द्या ना."

हे उत्तर मला आवडलं. मी त्याला म्हटलं, आखूड बास मी एकच पाहिला आहे, पण त्याचा मालक तो कुणाला हात लावू देत नाही.

मालक म्हणजे भोकरे. सरकारी कचेरीत कारकून होते आणि वीस-बावीस वर्षं रात्री ऑर्केस्ट्रात बास वाजवत. नंतर कीबोर्ड आला. कीबोर्डवाला डाव्या हाताने बासही वाजवू लागला आणि भोकऱ्यांना कुणी 'येऊ नका' असं न म्हणता बोलावणं बंद झालं. आमची ओळख वाचनालयातली. एकाच वर्तमानपत्रासाठी दहा वर्षं आम्ही समोरासमोर बसून एकमेकांचं वाचून व्हायची वाट पाहिली होती. पुण्यात याला जवळीक म्हणतात.

मी विचारल्यावर ते म्हणाले, "विकायचा विचार आहे. बोटांचे सांधे गेलेत. पण घेणारा मला बघायचाय."

पुढच्या रविवारी मी प्रफुल्लला त्यांच्याकडे घेऊन गेलो. भोकऱ्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "हात दाखवा."

प्रफुल्लने दोन्ही दाखवले. भोकऱ्यांनी करंगळीकडे पाहिलं आणि आतून बासची पेटी आणली. बास लालसर तपकिरी होता, अमेरिकन, कडेचा रंग उडालेला. घोडीवर क्रोमचं डब्यासारखं झाकण. सत्तरच्या आसपास एका परदेशी पाहुण्याकडून त्यांनी तो घेतला होता. त्या काळी पुण्यात असे पाहुणे मनःशांतीसाठी येत. शांती मिळाल्यावर बासची गरज उरत नसावी.

जुनं वाद्य घेताना आधी मान बघायची असते. टोकाकडून एक डोळा मिटून, बंदुकीच्या नळीतून बघावं तसं. मान थोडी वाकली होती. तारा किती वर्षांच्या होत्या याला मोजमाप नव्हतं. आखूड बासच्या तारा इथे मिळत नसत, म्हणून भोकरे दर सहा महिन्यांनी त्या सोडा घातलेल्या पाण्यात उकळत. मळ निघतो आणि तार थोडी जागी होते. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "वरणाचं पातेलं होतं ते. अजून वेगळं ठेवलंय."

मग भोकऱ्यांनी बास मांडीवर घेतला आणि चार-पाच स्वर वाजवले. सांधे दुखत होते हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण तो आवाज! भरीव, गोल, आणि झाला की संपला. पोत्यावर मूठ मारावी तसा, पण सुरात. प्रफुल्ल तोंड उघडं ठेवून बसला.

"किंमत सांगा ना जी."

"किंमत नंतर. यांच्याकडून नीट करून घ्या. मान, तारा, बटणं. मग एकदा माझ्यासमोर वाजवा. माझा वाटला तर तुमचा. नाही वाटला तर माझाच."

प्रफुल्लचा एक सहकारी अमेरिकेत ऑनसाइट होता. त्याच्या बॅगेतून नव्या तारा आल्या, चॉकलेटांच्या शेजारी. त्याच बॅगेतून प्रफुल्लने माझ्यासाठी काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक यंत्र मागवलं होतं. ट्यूनर. गिटारची वायर थेट त्यात लावायची, तार छेडायची, की सुई स्वर दाखवते. मधोमध आली की सूर बरोबर.

"काका, आता तांबटांची सुट्टी बघायचं काम नाही," तो म्हणाला.

मला ते यंत्र फार आवडलं. आयुष्यभर दीड तासाच्या शांततेवर पोट भरलेल्या माणसाला दिवस एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. सोमवारी सकाळी अकरा वाजता, शेजारी बंबावर दणादण चालू असताना, मी बास उघडला.

मानेत एक लोखंडी सळई असते, ती पाव फेरा आवळली. मान सरळ झाली. पडद्यांची टोकं घासली. बटणांत खरखर होती ती साफ केली. घोडीवरचं झाकण काढलं तर आत काळपट, चिकट, भुसभुशीत असं काहीतरी तारांना खालून टेकत होतं. जुन्या बासमध्ये कारखान्यातून स्पंजाचा तुकडा येतो आणि वर्षांनी तो कुजतो, एवढं मला माहीत होतं. मी ते पात्याने खरवडलं, रॉकेलने पुसलं आणि केरात टाकलं. आमच्या दुकानाचा आणखी एक नियम होता. वाद्यातून काढलेला प्रत्येक तुकडा पाकिटात घालून, वर नाव लिहून, गिऱ्हाइकाला परत द्यायचा. तो मी पाळला नाही. तुकडा आणि मळ यांतला फरक आपल्याला कळतो, अशी माझी समजूत होती.

मग तारा चढवल्या आणि सूर जुळवला. प्रत्येक तारेचा मोकळा स्वर बाराव्या पडद्यावर बरोबर वरच्या सप्तकात यायला हवा. नसेल तर घोडीवरचा तारेचा टेकू मागेपुढे करायचा. हे काम कानाने मला दोन दुपार पुरलं असतं. सुईने पाऊण तासात झालं. हातोड्या चालूच होत्या. शेवटी छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून आवाज येतो का एवढं पाहिलं. येत होता. साडेबाराला मी घरी जेवायला गेलो. बायको म्हणाली, "अहो, बरं नाहीये का?"

शनिवारी सव्वा वाजता भोकरे आले. चपला काढल्या, स्टुलावर बसले. प्रफुल्ल आधीच आला होता. तांबट जेवायला उठले होते आणि दुकानात त्या आठवड्यात पहिल्यांदाच शांतता होती. म्हणजे माझ्या लक्षात पहिल्यांदाच आली.

प्रफुल्लने वाजवायला सुरुवात केली. अर्ध्या करंगळीने चौथ्या पडद्यापर्यंत तो सहज जात होता. स्वर चोख होते. प्रत्येक स्वर लख्ख, तारेच्या टोकापर्यंत झळाळत, आणि थांबायचं नाव घेत नव्हता. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. जणू कुणी खालच्या सप्तकात घंटा बांधल्या होत्या.

भोकऱ्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"छान आहे," ते म्हणाले. "कोणाचा?"

प्रफुल्ल माझ्याकडे बघू लागला.

"भोकरे, सूर अगदी काट्यावर आहे," मी म्हणालो. "हवं तर यंत्रावर दाखवतो."

"यंत्राला विकायचा असता तर दाखवलं असतं त्याला. झाकणाखालची पट्टी कुठाय?"

मला त्या क्षणी सगळं कळलं, तरी मी "कुठली पट्टी?" असं विचारलं. माणूस विचारतो.

"तारांना खालून टेकलेली. तिच्यामुळे स्वर वाजला की बसतो. ती नसली की हा असा गात सुटतो. बासने गायचं नसतं."

"ती मी मळ समजून टाकली."

वाद्यदुरुस्तीत मी अनेक चुका केल्या आणि बऱ्याचशा लाकडाच्या माथी मारल्या. इथे लाकूड निर्दोष होतं.

"पट्टी कशाची होती?" मी विचारलं. "दुसरी करून देतो."

भोकऱ्यांनी दाराकडे पाहिलं. मग पायरीखालच्या चपलांकडे. "तुमच्या दुकानात सांगण्यासारखं नाही."

"सांगा."

"चप्पल. मूळचा स्पंज कुजला होता. साताऱ्याला कार्यक्रम, पडदा उघडायला दहा मिनिटं. निवेदकाची रबरी चप्पल विंगेत पडली होती. तिच्या टाचेची पट्टी कापली आणि घातली. निवेदक फार बोलायचा, त्यामुळे मनाला लागलं नाही. त्या रात्री असा आवाज लागला की पुन्हा काढवेना. वीस वर्षं खंडेनवमीला या बासला हळदकुंकू वाहिलं, आणि दर वेळी आधी झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं. घरात कुणाला ठाऊक नाही."

त्यांनी बास पेटीत ठेवायला घेतला. प्रफुल्लने अडवलं नाही, पण हातही काढला नाही.

"एक आठवडा द्या," मी म्हणालो.

"शनिवारपर्यंत," भोकरे म्हणाले. "नाही जमलं तर घेऊन जाईन. तुमचा राग नाही. पण हा असा कुणाच्या हातात देऊन 'माझा' म्हणवणार नाही मला."

ते गेल्यावर मी प्रफुल्लला विचारलं, "नाही जमलं तर काय कराल?"

"कीबोर्ड शिकतो," तो म्हणाला. "साडेनऊ बोटांत भागते तिथं."

ज्या कीबोर्डने भोकऱ्यांना घरी बसवलं त्याच्याकडेच हा निघाला होता. त्याला ते माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

यंत्र खणात टाकलं आणि पुन्हा एक ते अडीच कामाला बसू लागलो. सोमवारी पेटीत असतं ते लोकरी फेल्ट लावलं. स्वर खोकल्यासारखा आला. मंगळवारी गादीतला फोम, तो तारांखाली चेपून दमलाच. बुधवारी अंघोळीचा स्पंज; तीन तारांना बरा, चौथीला नाही. मी चप्पल सोडून पुण्यात मिळणारी प्रत्येक मऊ वस्तू त्या झाकणाखाली घालत होतो, आणि आपण हे शास्त्रीय पद्धतीने करत आहोत असं स्वतःला सांगत होतो.

गुरुवारी रविवार पेठेतून कोऱ्या रबरी चपला आणल्या. न घातलेली चप्पल ही अजून चप्पल झालेलीच नसते, असा युक्तिवाद केला. युक्तिवाद चांगला होता. रबर कडक होतं. स्वर टक्‌ करून मरत होता. रबर माणसाच्या टाचेखाली वर्षानुवर्षं दाबलं गेलेलं हवं, म्हणजे ते तारेला अडवत नाही, नुसतं आवरतं, हे मला तेव्हा कळलं. असं रबर विकत मिळत नाही.

प्रफुल्लने फोनवर स्वतःची चप्पल देऊ केली. ती दोन महिन्यांची होती.

शुक्रवारी एक वाजता मी पायरीखालून माझी डावी चप्पल उचलली. सहा वर्षांची. साबणाने दोनदा धुतली, उन्हात वाळवली, आणि पातं घेऊन बसलो. टाच झिजून गुळगुळीत झाली होती. मी देव मानत नाही हे वर लिहिलंच आहे. तरीही हात चालेना. वडिलांचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. मी उठून त्यांच्याकडे पाठ करून बसलो. मग पट्टी कापली. चार इंच लांब, बोटभर रुंद. झाकणाखाली, तारांना खालून टेकेल अशी चिकटवली आणि तार छेडली.

छेडली आणि थांबलो, कारण आवाजही थांबला होता. जिथे थांबायला हवा तिथेच.

संध्याकाळी अनवाणी घरी गेलो. बायकोला सांगितलं, चपला कुत्र्याने नेल्या.

"दोन्ही? कुत्र्याला जोड लागतो का?"

मी वर्तमानपत्र उघडलं.

शनिवारी भोकरे आले. मी नुसता बास प्रफुल्लच्या हातात दिला. प्रफुल्लने आठवडाभर मनगट सांभाळत बँडच्या मोठ्या बासवर एकाच चालीचा सराव केला असावा. भोकऱ्यांनी पहिल्या दिवशी वाजवलेले चार-पाच स्वर त्याने तसेच घेतले आणि तिथून पुढे गेला. भोकऱ्यांनी डोळे मिटले नाहीत, मानही डोलावली नाही. त्यांनी तळहात माझ्या कामाच्या फळीवर ठेवला आणि फळीतून ऐकत राहिले.

हात न उचलता म्हणाले, "कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"किती वर्षांची?"

"सहा."

"बरोबर." मग प्रफुल्लकडे वळून, "माझाच आहे. घेऊन जा."

प्रफुल्ल वाजवायचा थांबला. त्याचे डोळे भरले होते.

"थांबलात कशाला?" भोकरे म्हणाले. "गाणं संपलं का?"

अडीच वाजले. शेजारी हातोड्या सुरू झाल्या. बास ऐकू येईनासा झाला. पण भोकऱ्यांचा हात फळीवरच होता, म्हणून मीही ठेवला. हातोड्यांच्या खालून तो सरळ चालला होता, कुणाचं लक्ष नसताना.

निघताना भोकऱ्यांनी पायरीखाली पाहिलं. टाच कापलेली चप्पल मी कडेला सारली होती आणि तिची जोडीदार तिच्याशेजारी होती.

"उजवी टाकू नका," ते म्हणाले. "वीसेक वर्षांनी पट्टी कुजते. ह्याला तेव्हा लागेल."

भोकरे आता नाहीत. दुकानही नाही. प्रफुल्ल कुठल्या कुठल्या देशांत राहून परत आला, बाणेरला घर केलं, आणि बास अजून वाजवतो. उजव्या चपलेच्या टाचेची पट्टी मी त्याच दिवशी कापून ठेवली. ती पाकिटात आहे, वर प्रफुल्लचं नाव आहे, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. दरवर्षी खंडेनवमीला कानस, पातं आणि सुरांच्या किल्ल्या पुजायला मांडतो तेव्हा हे पाकीटही त्यांत ठेवतो. हळदकुंकू बायको वाहते. एकदा तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, गिऱ्हाइकाची ठेव आहे.

संपादकांना लेख द्यायचं मी या हिशेबानेच कबूल केलं. अंक दिवाळीला येतो. बायको तो वाचेल तोवर यंदाची खंडेनवमी होऊन गेलेली असेल.